इंग्रजीचा कोश कोणासाठी?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आरंभी माझ्या वर्गातील एक विद्यार्थी जीर्ण कागदांची एक गुंडाळी घेऊन माझ्याकडे आला. करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या काठी त्याचे गाव आहे. म्हणजे आजचे गाव आहे. मूळचे गाव भीमेच्या अगदी लगत होते. १९६९ साली सुरू झालेले धरणाचे काम १९८० साली पुरे झाले आणि इतर अनेक गावांबरोबर तेही पाण्याखाली गेले. गुंडाळीतील कागद त्याच्या आजोबांच्या जमिनीसंबंधी वरिष्ठ न्यायालयाने दिलेल्या निर्णयाचे होते व ते अर्थातच इंग्रजीत होते. आजोबा वारले, वडिलांना इंग्रजी येत नाही. तेव्हा घराण्यातील पहिला कॉलेजात गेलेला मुलगा या नात्याने ते वाचण्याचे काम याच्याकडे आले. ते त्याने मोठ्या निष्ठेने केले होते. कोश पुढ्यात ठेवून त्याने एकेक शब्द शोधला, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी प्रतिशब्द लिहिला, आणि दोन रात्री जागून सगळा अर्थ जुळविला. एक कोडे मात्र काही केल्या सुटेना, म्हणून तो विचारावयास आला होता.

"सर," तो म्हणाला, "बक्षीस घेताना आमच्या आज्यानं निषेध का केला?"

मला प्रथम हसू आले, आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

मूळ वाक्यात दोन शब्द होते : 'अवॉर्ड' आणि 'अंडर प्रोटेस्ट'. कोशात 'अवॉर्ड' म्हणजे बक्षीस, पारितोषिक, इनाम. 'अंडर' म्हणजे खाली. 'प्रोटेस्ट' म्हणजे निषेध, विरोध. मुलाने कोशावर विश्वास ठेवला, आणि कोशावर विश्वास ठेवणे हा काही विद्यार्थ्याचा अपराध नव्हे. वस्तुतः ज्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ही जमीन गेली (२०१४ च्या आरंभी नवा कायदा अमलात येईपर्यंत तोच चालू होता), त्यात 'अवॉर्ड' म्हणजे जमिनीचे क्षेत्र किती, तिचा मोबदला किती व तो कोणास किती द्यावयाचा यासंबंधी जिल्हाधिकाऱ्याने दिलेला निवाडा. तो मान्य नसेल तर ठराविक मुदतीत अर्ज करून ते प्रकरण न्यायालयाकडे सोपविण्याची मागणी करता येते. १८ व्या कलमात त्याला 'रेफरन्स' असे नाव आहे. आणि ३१ व्या कलमात अशी अट आहे की, ज्याने मोबदल्याची रक्कम हरकत नोंदवून स्वीकारली नाही, बिनबोभाट खिशात घातली, त्याला हा अर्ज करण्याचा अधिकारच उरत नाही. ही हरकत नोंदवून घेणे म्हणजे 'अंडर प्रोटेस्ट' घेणे. अर्थात त्या आजोबांनी पैसे घेताना केलेली गोष्ट निषेधाची नव्हती, शहाणपणाची होती. पैसे घेतले, पण हक्क सोडला नाही. सही करण्यापुरती अक्षरे येणाऱ्या त्या शेतकऱ्याला 'अंडर प्रोटेस्ट' म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्याच्या नातवाला मात्र ते कळू नये अशी तजवीज कोशाने करून ठेवली होती.

त्याच कागदावर 'पर्सन्स इंटरेस्टेड' असा आणखी एक प्रयोग होता. जमिनीत ज्यांचा हितसंबंध आहे ते, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या विद्यार्थ्याच्या पेन्सिलीने त्यावर लिहिले होते : 'आवड असलेल्या व्यक्ती'. 'रेफरन्स'वर लिहिले होते : 'संदर्भ'. आता या सर्व प्रतिशब्दांची मोळी बांधून पाहावी. आवड असलेल्या व्यक्तींना बोलावले, त्यांना बक्षीस दिले, त्यांनी ते निषेधाखाली घेतले आणि मग संदर्भ मागितला! दोन रात्री जागून मुलाच्या हाती जे आले ते हे.

कोणी म्हणेल की, हे कायद्याचे शब्द. त्यांसाठी कायद्याचा कोश असतो, शाळेतल्या कोशास दोष का द्यावा? मला हा बचाव पटत नाही. प्रत्येक तालुक्यासाठी वेगळा कोश छापावा असे माझे म्हणणे नाही. परंतु 'अवॉर्ड'पुढे बक्षीस, पारितोषिक, इनाम, बहुमान असे चार शब्द छापण्यास ज्याच्याजवळ जागा होती, त्याने त्यांतले तीन गाळून 'जमीन, न्यायालय : निवाडा' एवढे छापले असते तर कागदाचा खर्च वाढला नसता. चार प्रतिशब्द दिले म्हणजे चार अर्थ दिले असे होत नाही. एकच अर्थ चार वेळा दिला असे होते. आमच्या बहुतेक बाजारी कोशांचे सगळे पोट याच भरतीने फुगलेले असते. मुखपृष्ठावर मात्र इतके हजार शब्द, इतके लक्ष शब्द अशी द्वाही फिरविलेली. कोश विकत घेणारा पिता बिचारा वजन करून घेतो. जाडी अधिक, विद्या अधिक! शब्दांची संख्या हे कोशाचे माप नव्हे, जसे धरणात एकूण पाणी किती हे शेतकऱ्याच्या उपयोगाचे माप नव्हे. उजनीच्या काठी हे कोणासही सांगावे लागत नाही. त्या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा. शेतास मिळते ते उरलेले. आमच्या कोशांतही मृत साठाच फार.

हा दोष आला कोठून? माझ्या मते तो वारशाने आला. इंग्रजीतून मराठीकडे जाणारा पहिला मोठा कोश १८४७ सालचा, मोल्सवर्थ व कँडी यांचा. त्यापूर्वी १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला होता, आणि त्याची १८५७ सालची दुसरी आवृत्ती आजही अभ्यासकाच्या हाताशी असते. या दोघांच्या व त्यांच्या हाताखाली राबलेल्या शास्त्रीमंडळींच्या परिश्रमापुढे मी नम्र आहे. पण तो १८४७ चा कोश कोणासाठी होता? ज्याला इंग्रजी येते व मराठी शिकावयाची आहे अशा साहेबासाठी! कलेक्टरास हुकूम लिहावयाचा आहे, मिशनऱ्यास उपदेश करावयाचा आहे. इंग्रजी शब्द मनात आहे, मराठी शब्द पाहिजे. अशा माणसापुढे एका इंग्रजी शब्दासाठी दहा मराठी शब्दांची रास ओतणे हेच योग्य, कारण त्यातून निवड करण्यापुरते इंग्रजी त्याच्यापाशी असते. पुढे नीलकंठ बाबाजी रानडे यांनी १९०३ ते १९१६ या काळात आपला प्रचंड इंग्रजी-मराठी कोश सिद्ध केला. त्याचाही मुख्य उपयोग इंग्रजी जाणणाऱ्या मराठी माणसास नवी विद्या मराठीत आणण्याकडे झाला. दोन्ही वाटा मराठीकडे येणाऱ्या. आमच्या मुलास जावयाचे आहे नेमके उलट दिशेने. पुढील कोशकारांनी हे ध्यानात न घेता त्याच राशी थोड्या कमी-अधिक करून त्याच्या पुढ्यात ओतल्या. पंढरपूरहून परतणाऱ्यासाठी लावलेली पाटी पंढरपुरास निघालेल्यासाठी तशीच ठेवावी, तसे हे झाले.

येथवर माझे अनेक व्यवसायबंधू माना डोलावतील. "आम्ही तरी दुसरे काय सांगतो?" ते म्हणतील. "मराठी प्रतिशब्दांचा हा कुबडीखाना मुळातच मोडून टाका. मुलांच्या हाती केवळ इंग्रजी-इंग्रजी कोश द्या. इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच समजला पाहिजे." हे मत आज कॉलेजांतून इतके प्रतिष्ठित झाले आहे की, वर्गात मराठी प्रतिशब्द उच्चारणे म्हणजे जणू सोवळ्यात विटाळ. मी स्वतः वीस-बावीस वर्षे हेच सांगत आलो. या लेखातले कडू शब्द प्रथम मलाच लागू आहेत.

या मताच्या लोकांनी आपल्या दैवतांचे चरित्र नीट वाचलेले नाही. परक्यांसाठी इंग्रजीत अर्थ सांगणारे कोश ज्यांनी निर्माण केले ते काही लंडनमध्ये बसून परभाषकांची चिंता वाहत नव्हते. मायकेल वेस्ट हा आमच्याच देशात, ढाक्यास, शिक्षकांना शिकवीत होता. बंगाली मुलास इंग्रजी वाचताना काय अडते याचा त्याने अभ्यास केला, १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर पुस्तक लिहिले, आणि त्या अनुभवाचे फळ म्हणून १९३५ साली कोश काढला. त्यात सर्व शब्दांचे अर्थ अवघ्या १४९० निवडक शब्दांत सांगितलेले आहेत. हॉर्नबी व त्याचे दोन सहकारी जपानात शिकवीत होते. जपानी विद्यार्थी इंग्रजी वाक्य बांधताना कोठे अडखळतो हे वर्गात पाहून त्यांनी क्रियापदांचे साचे ठरविले, आणि तो कोश प्रथम १९४२ साली निघाला तो टोकियोस. ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने छापला १९४८ साली. म्हणजे ज्यास आज आम्ही सर्व जगाचा कोश म्हणून पूजितो, तो मुळात एका विशिष्ट देशाच्या एका विशिष्ट वर्गात जन्मला. त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा त्यांचा कोश विकत घ्यावा एवढाच नव्हता. त्यांनी आपल्या विद्यार्थ्याकडे जसे पाहिले तसे आम्ही आमच्या विद्यार्थ्याकडे पाहावे, हा होता. तो आम्ही घेतला नाही. आम्ही पुस्तक उचलले आणि डोळे तेथेच ठेवून आलो.

दुसरे असे की, निवडक शब्दांत अर्थ सांगितला तरी ते निवडक शब्द तरी यावयास हवेत. पुढे १९७८ साली लाँगमनच्या कोशाने सुमारे दोन हजार शब्दांत सर्व अर्थ बसविले. हे कौशल्य मोठे आहे. पण ज्याच्यापाशी सातशे शब्दांची पुंजी आहे त्याला दोन हजारांचे दार बंदच. एक शब्द पाहावयास जावे तो व्याख्येत दोन नवे भेटतात; त्या दोहोंसाठी चार; आणि तासाभराने मूळ शब्द कोणता होता हेच स्मरत नाही. शासनाने २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आणले; इंग्रजी शिकण्याचे वय त्यामुळे अलीकडे आले, पण कोश उघडणाऱ्या मुलाची पुंजी त्या मानाने वाढली असे माझ्या वर्गात तरी मला दिसत नाही.

बरे, पुंजी आहे असे धरू. माझ्या विद्यार्थ्यास मी एक उत्तम इंग्रजी-इंग्रजी कोश दिला आणि तेच शब्द पुन्हा पाहावयास सांगितले. 'अवॉर्ड' सुधारला, न्यायालयाने ठरविलेली रक्कम हा अर्थ तेथे होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. 'अंडर प्रोटेस्ट'ही सापडला. अर्थ होता, मनाविरुद्ध, नाखुशी बोलून दाखवून. मुलाचा चेहरा उजळला. "म्हणजे आज्यानं पैसे नाखुशीनं घेतले." खरेच आहे, कोणता शेतकरी ते खुशीने घेईल? पण नाखुशी ही मनाची अवस्था झाली, आणि त्या कागदावर जे होते तो राखून ठेवलेला हक्क होता. मराठीत 'हक्क राखून' हे दोन शब्द जे काम करतात ते इंग्रजी व्याख्येतील सगळे वाक्य करू शकले नाही. जेथे मराठीपाशी नेमका शब्द आहे तेथे तो लपवून ठेवणे आणि मुलास व्याख्येच्या चक्रव्यूहात सोडणे, यात कोणते शिक्षणशास्त्र आहे ते मला आता समजेनासे झाले आहे.

आणि जेथे मराठी आड येते तेथे तर मराठी जाणणाऱ्या कोशाची गरज दुप्पट. आमचा मुलगा दिवा 'बंद' करतो, म्हणून इंग्रजीतही तो दिव्यास 'क्लोज' करतो. चहा 'कडक' असतो, म्हणून 'हार्ड' होतो. एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा होते, म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येऊन बसतो. सल्ल्याचे अनेकवचन सल्ले, म्हणून 'अ‍ॅडव्हायसेस'. या चुका अज्ञानाच्या नव्हेत; त्या मराठीच्या अचूक ज्ञानातून निघालेल्या आहेत, आणि म्हणूनच पिढ्यानपिढ्या त्याच त्या ठिकाणी होतात. टोकियोस लिहिलेल्या कोशास त्या ठाऊक असण्याचे कारण नाही. आमचा मुलगा दिवा क्लोज करील हे हॉर्नबीला स्वप्नातही सुचले नसते. हे सांगू शकेल तो मराठी शिक्षकच, आणि ते सांगावयाचे ठिकाण 'क्लोज' या शब्दाखाली, एका ओळीत : 'दार, पेटी, डोळे यांस लावावा, दिवा, पंखा यांस लावू नये, तेथे स्विच ऑफ'. प्रतिशब्दांच्या राशीऐवजी शब्दाची सोबत कोणाशी जमते व कोणाशी जमत नाही हे ज्या कोशात सांगितले असेल, त्यास मी चांगला कोश म्हणेन. मग त्यात दहाच हजार शब्द का असेनात.

उजनीकाठचा एक शब्द येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. धरणाच्या मागे पसरलेल्या पाण्यास तिकडे आबालवृद्ध 'बॅकवॉटर' म्हणतात. बॅकवॉटरची जमीन, बॅकवॉटरची मोटार, बॅकवॉटरचे पाहुणे. शब्द इंग्रजी, पण आता तो तितकाच करमाळ्याचा. म्हणून नोकरीच्या अर्जात मुले सरळ लिहितात की, आम्ही 'बॅकवॉटर'मध्ये राहतो. अभियंत्यांच्या परिभाषेत त्यांचा शब्द अगदी बरोबर आहे. परंतु सामान्य इंग्रजीत बॅकवॉटर म्हणजे जेथे जगाचा वारा पोहोचत नाही असे मागासलेले, साचलेले ठिकाण. अर्ज वाचणारा पुण्या-मुंबईचा अधिकारी गालातल्या गालात हसतो, आणि आपण काय लिहिले हे मुलास कधीच कळत नाही. बाजारी कोशात या शब्दापुढे 'मागे साठलेले पाणी' एवढेच असते, म्हणजे जे मुलास आधीच ठाऊक तेवढे. 'गावाविषयी बोलताना हा शब्द हिणवणारा आहे' ही एक ओळ त्यात असती तर? शब्दाचा अर्थ सांगणारे कोश आमच्यापाशी पुष्कळ. शब्दाची अब्रू सांगणारा एकही नाही.

उलट बाजूचीही तीच रड. कंदरच्या आसपासची केळी आता आखाती देशांत जातात, आणि तो व्यवहार इंग्रजीत होतो. बागाईतदाराच्या मुलास घड, फणी, मुनवा हे शब्द जन्मापासून ठाऊक. त्यांस इंग्रजीत काय म्हणावे हे पाहिजे. माझ्या टेबलावरील तीन मराठी-इंग्रजी कोशांत फणी केस विंचरण्याचीच सापडली. केळीच्या फणीस इंग्रजीत 'हँड' म्हणतात हे त्याने कोठून जाणावे? मुनव्यास 'सकर' म्हणतात, आणि 'सकर' पाहावयास जावे तो कोशात 'शोषणारा'. लौकिक इंग्रजीत तर भोळसट माणूस. पाण्यात सापडणाऱ्या चिलापीविषयी तर बोलावयासच नको. माशांच्या व झाडांच्या नावांपुढे 'एक प्रकारचा मासा', 'एक जातीचे झाड' असे छापून वेतन घेणाऱ्या कोशकारास दुसऱ्या कोणत्याही धंद्यात कोणी उभे केले नसते.

उच्चाराविषयी एकच गोष्ट. देवनागरीत उच्चार छापण्याची आमच्या कोशांची प्रथा सोयीची आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. पण 'वेस्ट' असे छापले तर ती पश्चिम दिशा की वाया घालविणे, हे आमच्या लिपीस सांगता येत नाही. आणि शब्दातील आघात कोठे आहे हे तर ती मुळीच सांगत नाही. आघातापुरते एक चिन्ह घातले तरी निम्मे काम होईल. इतकी लहानशी गोष्टही करावीशी वाटू नये, याचे मात्र नवल वाटते.

आता शेवटचा आक्षेप मोबाइलचा. कोशाचे युग गेले, खिशातील यंत्र पाहिजे ते वाक्य मराठीत करून देते, मग ही कटकट कशाला? ते यंत्र मीही वापरतो. ते वाक्याचा अर्थ पुष्कळदा बरा लावते, क्वचित चकवते. पण बरा लावला तेव्हा का बरा लागला आणि चकवले तेव्हा कोठे चकवले, हे ते सांगत नाही. ते पारखण्यास जे इंग्रजी लागते तेच तर मुलास मिळवावयाचे आहे.

हे काम करावे कोणी? मोठ्या पंडितांची त्यास गरज नाही. डॉ. रमेश धोंगडे यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी ऑक्सफर्डसाठी इंग्रजी-मराठी कोश सिद्ध करून वाट घालून दिली आहे. त्यापुढचे काम खेड्यापाड्यांतील इंग्रजीच्या शिक्षकांचे आहे, कारण त्याचे साहित्य त्यांच्याच टेबलावर रोज येऊन पडते. मुलांच्या वह्या! कोणत्या शब्दापाशी किती मुले पडली, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? १९८७ साली बर्मिंगहॅमच्या सिंक्लेअर यांनी संगणकात साठविलेल्या लक्षावधी इंग्रजी वाक्यांवरून कोश रचला, याचे आम्ही व्याख्यानांतून कौतुक करतो. आमच्या मुलांनी लिहिलेल्या चुकीच्या वाक्यांची तशी रास एखाद्या विद्यापीठाने का रचू नये? मी तीन दशके वह्या तपासल्या. लाल शाईने 'क्लोज'वर काट मारली, 'अबाउट'वर काट मारली, आणि प्रत्येक उन्हाळ्यात त्या वह्या रद्दीवाल्याच्या तराजूत घातल्या. एका कोशाचा ऐवज मी किलोच्या भावाने विकला आहे.

त्या विद्यार्थ्याबरोबर मी तो निर्णय पुन्हा आरंभापासून वाचला. चार संध्याकाळ लागल्या. शेवटच्या दिवशी त्याने आपला कोश काढला आणि 'अवॉर्ड'शेजारी पेन्सिलीने 'निवाडा' असे लिहिले. 'प्रोटेस्ट'च्या भोवती जागा नव्हती, म्हणून 'हरकत नोंदवून, हक्क राखून' हे पानाच्या तळाशी बाण काढून लिहावे लागले. तो कोश आता त्याची धाकटी बहीण वापरते.